उजनीकाठी जाळ कोण घालतं?

उजनी धरणावर लिहायला बसलं की लेखणी पाण्याकडेच वळते. सुमारे ११७ टीएमसींचा एकूण साठा, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, १९८० मध्ये पुरं झालेलं काम, माढा-करमाळ्यापासून इंदापूर, कर्जत, दौंडपर्यंत पसरलेला यशवंतसागर जलाशय, पाण्याखाली गेलेली आणि उठून माळावर बसलेली गावं. हे सगळं लिहून झालं आहे आणि पुढेही लिहिलं जाईल. पण या पाण्याने काठच्या गावांचा विस्तवही बदलून टाकला. चुलीत काय जळतं, भट्टीत काय जळतं, ते कोण जाळतं आणि त्याच्या पदरात काय पडतं, हे प्रश्न एका जागी मांडलेले मला फारसे आढळले नाहीत. म्हणून हा आढावा.

आग राखणं हे काम आहे आणि कसबही आहे. जळण आत सारलं की झालं, असं लांबून वाटतं. प्रत्यक्षात आग राखणारा माणूस वाऱ्याचा हिशेब सांभाळत असतो. कुठून किती हवा आत जाऊ द्यायची, राख कधी ओढायची, ओलं जळण कुठे सुकत ठेवायचं, धुराचा रंग काय सांगतो, हे त्याला सतत पाहावं लागतं. चूल असो, गुऱ्हाळाचं चुलवाण असो, आगगाडीचं इंजिन असो की साखर कारखान्याचा बॉयलर, या कसबाचं मूळ एकच आहे. ते करणाऱ्यांची किंमत मात्र जागोजागी वेगळी ठरली आहे, आणि ती कसबावर ठरलेली नाही.

धरणाआधी हा सगळा भाग कोरडवाहू होता. रब्बीची ज्वारी, तूर, करडई, बाजरी, भुईमूग. जळणही त्यातूनच यायचं: तुराट्या, करडईची काटेरी खोडं, ज्वारीची धसकटं, बांधावरची बाभूळ आणि सगळ्यांत भरवशाची शेणी. कडबा जनावरांचा, त्याला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात थापलेल्या शेणी पावसाआधी रचून, वरून शेणाने लिंपून ठेवल्या की चार महिन्यांची बेगमी व्हायची. मग पाणी आलं आणि पाण्यामागून ऊस आला. उसाबरोबर पाचट, चिपाडं आणि कारखान्यातला बगॅस म्हणजे उसाचा चोथा आला. पडीक काठावर वेडी बाभूळ माजली. एका पिढीच्या आत जळणाची टंचाई असलेला मुलूख जळणाने भरून गेला. तरी ज्यांच्याकडे ऊस नाही त्यांच्या घरातली बाई अजून डोक्यावर सरपणाचा भारा आणते. जळण वाढलं म्हणजे सगळ्यांना मिळालं, असं झालेलं नाही.

चुलीपासून सुरुवात करायला हवी, कारण सगळ्यांत जास्त माणसं तिच्यापुढे बसतात आणि सगळ्यांत कमी लिखाण तिच्यावर आहे. ज्वारीच्या भाकरीला दोन तऱ्हेची आग लागते. तव्याखाली जोराचा जाळ हवा, नाहीतर भाकरी वाळते आणि चिरते. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांच्या आरापुढे उभी करून शेकायची, तेव्हा ती फुगते. म्हणजे एकाच चुलीत मागे जाळ आणि पुढे आर, दोन्ही एकाच वेळी राखावं लागतं. त्याच जाळाची उरलेली धग वैलावरच्या कालवणाला पुरवायची. एका हाताने भाकरी थापायची, दुसऱ्याने लाकूड मागे सारायचं, मधेच फुंकणी. तुराटी भसकन पेटते आणि विझते, म्हणून ती पेटवणापुरती. बाभळीचं लाकूड आर धरतं, म्हणून ते भाकरीला. शेणी मंद जळते, म्हणून ती दूध तापत ठेवायला. घरातल्या पोरीने हे आईजवळ बसून शिकायचं असतं आणि शिकल्याबद्दल तिला कुणी काही म्हणत नाही.

या शिकण्याची किंमत डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी मोजली जाते. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐंशीच्या दशकात आला, चालला आणि बंद पडला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची टाकी गरिबाच्या घरात पोचली. ही मोठी गोष्ट आहे, ती कमी लेखू नये. पण काठच्या गावांत फिरताना दिसतं ते असं, की चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर. टाकी संपली की पुढची आणेपर्यंत सगळंच चुलीवर. चूल घरातून अंगणात गेली एवढा फरकही धुराच्या दृष्टीने थोडा नाही. मात्र पावसाळ्यात ती पुन्हा छपराखाली येते.

ऊसतोड कामगारांच्या चुलीचा वेगळा विचार करावा लागतो. बीडकडून आलेली कुटुंबं हंगामभर कारखान्याच्या किंवा गावाच्या कडेला कोप्या घालून राहतात. कोपी पाचटाची आणि तिच्यापुढे तीन दगडांची चूल. पहाटे तीन-चारला उठून बाई दिवसभराच्या भाकऱ्या करते आणि उजाडायच्या आत फडात कोयता चालवते. थंडीच्या वाऱ्यात पाचटाच्या कोपीशेजारी आग राखणं म्हणजे सतत एक डोळा ठिणगीवर. मजुरी टनावर मिळते. चुलीपुढचे ते दोन तास कुठल्याच हिशेबात धरलेले नसतात.

हुरड्याची आगटी हा या भागातला आनंदाचा विस्तव आहे. मार्गशीर्ष-पौषात मालदांडी ज्वारी निसवून दाणा दुधात आला की शेतात खड्डा करून शेणी पेटवायच्या, जाळ विझू द्यायचा आणि राखेने झाकलेल्या निखाऱ्यात कणसं खुपसायची. जाळ राहिला तर दाणा करपतो, निखारा निवला तर कच्चा राहतो. आता हायवेच्या कडेला पैसे घेऊन हुरडा मिळतो, त्यात वाईट काही नाही. आगटीवर बसणारा माणूस तिथेही जुन्या शेतकऱ्यांपैकीच असतो, कारण हे काम नव्याला जमत नाही.

गुऱ्हाळात आगीचं काम पहिल्यांदा पोट भरण्याचा धंदा बनतं. धरणाच्या वरच्या अंगाला दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ आहेत. रस काहिलीत उकळत असतो, खाली जमिनीत खोदलेलं चुलवाण असतं, मागे धुराडं. काहिलीजवळ उभा असतो गुळव्या. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि ते रास्तही आहे. मळी कधी काढायची, भेंडीचा रस कधी घालायचा, चुना किती, पाक उतरवायची वेळ कोणती, हे सगळं तो ठरवतो. पण त्याचा प्रत्येक निर्णय ज्याच्या हातून खरा होतो तो माणूस खाली, चुलवाणाच्या तोंडापुढच्या खड्ड्यात असतो. तिथून त्याला काहील दिसत नाही. वरून हाक येते, जाळ वाढव, जाळ आवर, आणि तेवढ्यावर तो आग चालवतो.

सुरुवातीला रस तापताना जाळ दणकून लागतो, कारण पाणी उडवायचं असतं. मळी वर येताना तो थोडा आवरायचा, नाहीतर ती रसात पुन्हा मिसळते. पाक ११८ अंशांच्या आसपास आला की खेळ मिनिटांचा असतो. त्या वेळी जाळ जास्त राहिला तर गूळ काळवंडतो आणि कडवटतो, कमी पडला तर गूळ मऊ राहून ढेप टिकत नाही. चिपाडांचा जाळ फार चंचल. वाळलेली चिपाडं मूठभर जास्त गेली तरी ज्वाळा एकदम उफाळते. म्हणून जाळ घालणारा थोडं थोडं, सारख्या अंतराने घालत राहतो आणि पुढच्या घाण्याची ओली चिपाडं पलीकडे उन्हात पसरलेली आहेत की नाहीत यावरही लक्ष ठेवतो. बाजारात गुळाच्या रंगाला भाव मिळतो. तो रंग निम्मा त्या खड्ड्यात ठरतो, असं मी ठामपणे म्हणेन.

आज या खड्ड्यात बसणारा माणूस बहुतेक वेळा उत्तर प्रदेशातून आलेला असतो. गावातली पोरं तिथे बसायला तयार नाहीत. समोर भट्टीची धग, वर पत्रा आणि कामाचे तास घाण्यांवर ठरणारे, हे पाहिलं तर त्यांना दोष देता येत नाही. दुसरी अडचण जळणाची आहे. चिपाडं कमी पडली किंवा ओली राहिली की प्लास्टिक, जुन्या चपला, रबर असं काहीबाही जाळलं जातं, अशा तक्रारी दौंड तालुक्यातून वारंवार झाल्या आहेत. तो धूर गावावर जातो, त्याबद्दल गावकरी बोलतात. तोच धूर आधी जाळ घालणाऱ्याच्या तोंडावर येतो, हे बोलायला त्याच्या वतीने गावात कुणी नसतं.

चुलवाणाला जळण अपुरं पडतं आणि पलीकडच्या फडात पाचट पेटवलं जातं, हा विरोधाभास डोळ्यांत भरतो. एका हेक्टरच्या उसातून साधारण आठ ते दहा टन पाचट निघतं. खोडवा राखायचा असेल तर ते सरीत दाबून कुजवावं, हा कृषी खात्याचा आणि विद्यापीठांचा सल्ला जुना आहे आणि बरोबर आहे. अनेक शेतकरी तो पाळूही लागले आहेत. तरी रात्री काठाकाठाने लाल रेघा दिसतात. या पाचटाचा जळण म्हणून नीट विचार पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने केला. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने पाचट बंद पिंपात तापवून त्याचा कोळसा करायची भट्टी तयार केली. त्या कोळशाच्या कांड्या पाडायच्या आणि छोट्या शेगडीवर स्वयंपाक करायचा, धूर जवळजवळ नाही. या कामाला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तंत्र साधं होतं, गावातल्या माणसाला झेपणारं होतं. ते उसाच्या पट्ट्यात घरोघर पोचलं नाही. माझ्या मते त्याचं मोठं कारण मजुरी हे आहे. पाचट गोळा करून भट्टीपर्यंत आणायला माणसं लागतात, आणि काडी ओढायला काहीच लागत नाही.

रेल्वे या भागात धरणाच्या कितीतरी आधी आली. पुण्याहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लाइन १८५८ मध्ये डिकसळपर्यंत, पुढच्या वर्षी बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. या लाइनीचा भीमा नदीवरचा जुना दगडी रेल्वे पूल पुढे जलाशयाच्या पाण्यात सापडला, लाइन हलवली गेली आणि इंदापूर-करमाळ्याच्या लोकांनी तो पूल रस्ता म्हणून वापरला. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून सुटू लागली. तिचा एक फाटा १९०६ मध्ये पंढरपूरला, दुसरा १९११ मध्ये लातूरला गेला. या दोन रेल्वेंनी माढा तालुक्याला एक नवा माणूस दिला: फायरमन.

फायरमनचं काम फावड्याने कोळसा टाकण्याचं होतं, एवढंच लोकांना माहीत असतं. खरं काम होतं शेगडीवर आग पातळ आणि सपाट राखण्याचं. एका जागी ढीग झाला तर तिथली हवा कोंडते, एका जागी भोक पडलं तर थंड वारा आत घुसतो आणि वाफ पडते. आपल्याकडच्या कोळशात राख फार, ती वितळून शेगडीवर चिकटायची. मग लांब गजाने ती फोडून ओढायची, धावत्या गाडीत, हलत्या फळीवर उभं राहून. चढ येण्याआधी आग तयार ठेवायची, स्टेशन जवळ आलं की आवरायची. धुराड्यातून काळा धूर म्हणजे कोळसा वाया आणि फायरमन कच्चा, हे लाइनीवरची पोरंही ओळखायची. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं १९९५ मध्ये संपली. फायरमनला गणवेश होता, पगार होता, बढती मिळून ड्रायव्हर होण्याची वाट होती. आग राखून माणूस वर चढू शकतो, हे या मुलखाने पहिल्यांदा कुर्डुवाडीत पाहिलं.

तसा दुसरा जिना साखर कारखान्यांनी बांधला. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे, करमाळ्याचे आदिनाथ आणि मकाई, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, असे कारखाने उजनीच्या पाण्याच्या आधाराने उभे आहेत. इथला विस्तव बगॅसवर चालतो. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस निघतो आणि त्यात निम्मं पाणी असतं. इतकं ओलं जळण जाळायचं हे मोठं कठीण. जुन्या बॉयलरांत घोड्याच्या नालाच्या आकाराच्या भट्ट्या असत. वरून पडणाऱ्या बगॅसचा ढीग कडेकडेने जळत राही आणि मधून मधून माणसांनी दारं उघडून लांब दांड्यांनी राख ओढायची. ते काम केलेल्या जुन्या कामगारांच्या दंडांवर भाजल्याचे डाग असत. आताच्या बॉयलरांत बगॅस वाऱ्याच्या झोताने भट्टीत फेकला जातो, उडता उडताच निम्मा जळतो, उरलेला सरकत्या जाळीवर. ही फेकणारी यंत्रणा म्हणजे स्प्रेडर स्टोकर. जहाजांच्या आणि कारखान्यांच्या पोटात आग राखणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘स्टोकर’ म्हणत आले. डचांकडून घेतलेला तो शब्द आमच्या कारखान्यांत आला तो यंत्राचं नाव होऊन. माणूस वर नियंत्रण खोलीत बसतो आणि दाब, पाण्याची पातळी, भट्टीचं तापमान पडद्यावर पाहतो. ओला बगॅस आला की त्याचंही काळीज धडधडतं, कारण वाफेचा दाब पडला की गाळप थांबतं.

या माणसाला कायद्याने ओळखलं आहे. १८६३ मध्ये कोलकात्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, त्यानंतर १८६४ चा बंगालचा कायदा आला, मग १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आणि त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा. बॉयलर चालवायला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं, दुसऱ्या वर्गाचं आणि मग पहिल्या वर्गाचं. ते नसलेल्या माणसाच्या हाती बॉयलर देता येत नाही. बॉयलरची तपासणी होते, तिची नोंद राहते. काठच्या गावांतल्या कितीतरी मुलांनी आयटीआय करून हे प्रमाणपत्र घेतलं आणि घरं बांधली. दसऱ्याच्या सुमाराला कारखान्यात ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ होतं. संचालक सपत्नीक पूजेला बसतात, भट्टीत अग्नी सोडला जातो, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या फोटोत बॉयलर अटेंडंटही पुढच्या रांगेत असावा, असं मला मनापासून वाटतं. पुढचे चार-पाच महिने तो विस्तव त्याच्याच पाळ्यांवर जगतो.

सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या १३२० मेगावॉटच्या केंद्राला पाणी उजनीचंच जातं. तिथे दळलेला कोळसा हवेबरोबर भट्टीत जातो, फावडं कुणाच्याच हातात नाही. त्यावर इथे एवढंच पुरे.

सगळ्यांत अवघड विस्तव काठावरच आहे, वेड्या बाभळीच्या रानात. हे झाड अमेरिका खंडातून आलं, एकोणिसाव्या शतकात भारतात लावलं गेलं आणि कोरड्या मुलखात हाताबाहेर पसरलं. त्याचा कोळसा उत्तम होतो. भट्टी लावणारे बहुतेक कातकरी, रायगडकडून कुटुंबासह आलेले. एके काळी खैराचा काथ काढणारा हा समाज. आग आणि लाकूड यांची त्यांची समज पिढ्यांची आहे. काटेरी झाड तोडायचं, ओंडके उभे-आडवे दाट रचायचे, वर पाला-गवत, त्यावर ओल्या मातीचा जाड थर, वर तोंड आणि पायथ्याला वाऱ्याची भोकं. आग सोडली की पुढचे कित्येक दिवस आणि रात्री ती जळू न देता जळत ठेवायची. धूर पांढरा आहे तोवर लाकडातलं पाणी जातं आहे. तो निळसर, विरळ झाला की कोळसा झाला, भोकं बुजवायची. मातीला कुठे तडा गेला आणि वारा आत शिरला तर तासाभरात सगळ्या मेहनतीची राख होते. म्हणून कुणीतरी रात्रभर जागं असतं. तडा लिंपायला भट्टीवर चढावं लागतं आणि वरचा थर आतून पोकळ झालेला असेल तर पाय सरळ निखाऱ्यात जातो. भट्टीतून निघणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. लेकरं तिथेच शेजारी झोपलेली असतात.

या आढाव्यात आगीवर इतका बारीक ताबा दुसऱ्या कुठल्याही कामात मला दिसला नाही. बॉयलरवाल्यापुढे दाबमापक असतो, फायरमनपुढेही होता. इथे मापक म्हणजे धुराचा रंग आणि मातीला लावलेला तळहात. मजुरी मात्र पोत्यावर, आणि तीही बहुधा हंगामाआधी घेतलेल्या उचलीपोटी कापून. उचल किती फिटली हे मालकाच्या वहीत असतं, मजुराकडे वही नसते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. कोळसाभट्ट्यांवरून कातकरी कुटुंबं सोडवल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या आहेत. वीटभट्ट्यांची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: तिथेही उचल, तिथेही रात्रपाळीची आग, आणि विटा भाजणाऱ्याचा अंदाज चुकला तर नुकसान त्याच्या हिशेबात.

बॉयलर कायद्याची व्याख्या बंद भांड्यातल्या दाबाखालच्या वाफेवर उभी आहे. काहील उघडी असते, कोळशाची भट्टी मातीची असते, चुलीवर भाकरी होते. त्यामुळे उजनीकाठी आग राखणाऱ्या बहुसंख्य माणसांना हा कायदा लागू पडत नाही, आणि त्यांच्यासाठी दुसरा कुठलाही कायदा आगीच्या नावाने नाही. व्याख्या बदलायची गरज नाही. हवं आहे ते एवढंच: गुऱ्हाळ आणि कोळसाभट्टी यांची ग्रामपंचायतीत आणि कामगार खात्यात नोंद, उचलीची प्रत मजुराच्या हातात, चुलवाणापुढच्या माणसाला ठरलेले तास आणि पाळी, भट्टीवर चढणाऱ्याच्या पायात जाड बूट, आणि भट्टीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला झोपायची जागा. यातलं एकही काम खर्चिक नाही. गाळपाचा परवाना देताना कारखान्याकडून जितके कागद मागितले जातात, त्याच्या दहाव्या हिश्शाचेही इथे लागणार नाहीत.